दरडींची खतावणी

चंदीगडला सेक्टर १७च्या बसस्थानकाबाहेर येऊन रस्ता ओलांडला की सेक्टर २२ लागतो. इथे हॉटेलांची दाटी आहे आणि शिमला-कुलू-मनालीला निघालेली बरीच मराठी मंडळी डोंगर चढण्याआधीची रात्र याच भागात काढतात. मे महिन्यात सकाळच्या चहाबरोबर चर्चा असते ती स्वेटरांची. जुलै-ऑगस्टमध्ये निघालेल्यांचा प्रश्न एकच असतो: वरचा रस्ता चालू आहे ना? गाडीवाला दोन-चार फोन लावतो आणि उत्तरात दरवेळी तीच ठरावीक नावे येतात. परवाणूच्या पुढचे चक्की मोड हे त्यांतले एक. २०२३च्या ऑगस्टच्या सुरुवातीला तिथे रस्त्याचा अख्खा तुकडा खाली गेला आणि कालका-शिमला महामार्ग बंद पडला.

आता यातली गंमत बघा. अलीकडच्या आणि पलीकडच्या वळणांवर पाऊस तोच पडतो, वाहने तीच धावतात, चढही साध्या डोळ्यांना सारखाच दिसतो. तरी एक वळण दर पावसाळ्यात बातमीत येते आणि दुसऱ्याचे नावही कुणाला ठाऊक नसते. असे का होते? आणि जे वळण अजून कोसळलेले नाही, त्याबद्दल आधी काही सांगता येईल का?

एखाद्या उताराबद्दल भूवैज्ञानिक छातीठोकपणे सांगू शकतो, पण त्यासाठी तिथे भोके पाडून खडक काढावा लागतो, माती तपासावी लागते, पाण्याची पातळी मोजावी लागते. इस्रोच्या हिशेबाने बर्फाच्छादित भाग वगळून देशाचा सुमारे १२.६ टक्के भाग, म्हणजे साधारण ४.२ लाख चौरस किलोमीटर, दरडप्रवण आहे. अख्ख्या महाराष्ट्राहून हे क्षेत्र मोठे आहे. एवढ्या डोंगरात भोके कोण आणि कधी पाडणार? म्हणून दुसरा मार्ग निघाला, मोजदादीचा.

माती सुटते कशी

मोजायचे काय, हे कळायला आधी दरड पडते कशी ते पाहू. उतारावरच्या मातीला वजन खाली ओढत असते. कणाकणांमधले घर्षण, चिकणमातीचा चिकटपणा आणि झाडांची मुळे तिला धरून ठेवतात. धरणाऱ्या जोराचे पारडे जड आहे तोवर डोंगर उभा.

पावसाने मातीचे वजन वाढते हे सर्वांना माहीत असते, पण खरा घात दुसरीकडेच होतो. कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की ते पाणी कणांना एकमेकांपासून ढकलू लागते. कण एकमेकांवर जितके घट्ट दाबलेले, तितके घर्षण जास्त. तो दाब सैल पडला की वर्षानुवर्षे टिकलेली पकड काही तासांत जाते. सह्याद्रीत यात आणखी भर पडते. वर झिजलेल्या खडकाची माती आणि मुरूम, खाली कठीण कातळ. मुरलेल्या पाण्याला कातळातून वाट नसली की ते दोहोंच्या सांध्यावरून वाहू लागते आणि वरचा सगळा थर त्या ओल्या सांध्यावर येतो.

परवाणू-सोलन भागाची कथा वेगळी. शिवालिकच्या टेकड्या ओलांडल्या की तिथे सुबाथू, दगशाई आणि कसौली या नावांचे खडकांचे थर लागतात. (तिन्ही नावे लष्करी छावण्यांच्या गावांची आहेत. इंग्रज अधिकाऱ्यांनी जिथे तंबू ठोकले, तिथल्या दगडाला त्याच गावाचे नाव मिळाले.) या थरांत टणक वालुकाश्म आहे आणि पाण्याने भुसभुशीत होणारा शेलही आहे. थर ज्या बाजूला कललेले, त्याच बाजूला डोंगराचा उतार असेल, तर खडक घसरायला आयती पायरी मिळते. दरीच्या समोरच्या बाजूला तेच थर डोंगराच्या आत कललेले असतात आणि ती बाजू शाबूत राहते. दोन वळणांच्या कोड्याचे निम्मे उत्तर इथेच आहे. उरलेले बरेचसे पायथ्याशी सापडते. चौपदरीकरणासाठी डोंगराचा पाय कापला की वरच्या मातीचा टेकूच निघतो.

म्हणजे कारणे अनेक: उतार, खडक, थरांचा कल, पाणी, मुळे, कापकाम. प्रत्येकाचे वजन किती, हा खरा प्रश्न आहे.

साका ओळखायचा कसा

कोकणातल्या आंब्याच्या व्यापाऱ्याला हाच प्रश्न वेगळ्या रूपात छळतो. हापूसमध्ये साका असतो, पण तो बाहेरून दिसत नाही. फळ कापल्यावरच आतला पांढुरका, बेचव गर दिसतो, आणि कापलेले फळ विकता येत नाही.

समजा, एका व्यापाऱ्याने मागच्या हंगामाची वही ठेवली आहे. हजार आंब्यांपैकी शंभरांत साका निघाला. हजारांत मोठी फळे होती तीनशे, म्हणजे ३० टक्के. साका निघालेल्या शंभरांत मात्र मोठी फळे साठ, म्हणजे ६० टक्के. साठाला तिसाने भागले की २ येतात. याचा अर्थ, मोठ्या फळात साका असण्याची शक्यता सरासरीच्या दुप्पट. हाच भागाकार त्याने बागेनुसार केला, तोडणीच्या वेळेनुसार केला, झाडाच्या वयानुसार केला. पुढच्या हंगामात पेटी न कापताच तो सांगू लागला की ही जरा जपून घ्या. आतला आंबा त्याने पाहिलेला नाही. त्याने पाहिली ती फक्त वही.

संख्याशास्त्रीय दरड-नकाशा हेच करतो. उपग्रहाने मोजलेल्या उंचीवरून डोंगराचे ३० मीटर बाय ३० मीटरचे चौकोन पाडतात. एका चौरस किलोमीटरमध्ये असे अकराशेवर चौकोन बसतात. प्रत्येक चौकोनाचा उतार किती अंश, तोंड कोणत्या दिशेला, पृष्ठभाग फुगीर की खोलगट, खडक कोणता, जवळची भ्रंशरेषा, ओढा आणि रस्ता किती दूर, वर जंगल की शेत, हे सगळे लिहून काढतात. मग त्यावर जुन्या दरडींची नोंद ठेवतात आणि भागाकार सुरू करतात.

एक मांडून बघू. एका तालुक्याचे एक लाख चौकोन आहेत आणि त्यांपैकी हजारांत पूर्वी दरड पडली आहे. ३० ते ४० अंश उताराचे चौकोन वीस हजार, म्हणजे २० टक्के. दरडींपैकी निम्म्या, म्हणजे ५० टक्के, याच उतारावर. भागाकार आला २.५. आता ६० अंशांच्या वरचे कडे घ्या. चौकोन ५ टक्के, दरडी मात्र १ टक्काच. भागाकार ०.२. आकडे मी कल्पिलेले आहेत, पण मातीच्या दरडींबाबत असा कल बऱ्याच ठिकाणी दिसतो. उभ्या कड्यावर माती ठरतच नाही, मग घसरणार काय? तिथून सुटतात ते धोंडे, आणि त्यांची वही वेगळी ठेवावी लागते. जितका तीव्र उतार तितका धोका, हा आपला सरधोपट समज अशा साध्या भागाकारानेही दुरुस्त होतो.

श्रेयाची वाटणी

इथवर आलेला माणूस सहज म्हणेल, मग सगळे भागाकार एकत्र करा आणि नकाशा रंगवा. तसे करतातही. याच वळणाची एक पद्धत, पुराव्याला वजन देण्याची, आधी वैद्यकीय निदानासाठी वापरली गेली. मग १९८०च्या दशकाच्या अखेरीस बॉनहॅम-कार्टर आणि आख्टरबर्ग यांच्यासारख्या कॅनडातल्या भूवैज्ञानिकांनी खनिजे शोधण्यासाठी ती नकाशावर आणली, आणि तिथून ती दरडींकडे आली.

यात एक मेख आहे. घाटरस्ते बरेचदा नदीच्या कडेने जातात. 'रस्ता जवळ' या कारणाला गुण दिले आणि 'नदी जवळ' यालाही दिले, तर एकाच गोष्टीचे श्रेय दोनदा दिल्यासारखे होते. मोठी फळे प्रामुख्याने एकाच बागेतली असतील, तर दोष फळाच्या आकाराचा की बागेचा, हे व्यापाऱ्यालाही वेगळे करावे लागते. त्यासाठी लॉजिस्टिक रिग्रेशन नावाची पद्धत वापरतात. ती सगळी कारणे एकाच वेळी समोर ठेवते आणि बाकीची तशीच ठेवून एकच बदलले तर शक्यता किती हलते ते काढते. नदीचा वाटा नदीला, रस्त्याचा रस्त्याला. प्रत्येक चौकोनाला शेवटी शून्य ते एक यांच्यामधला एक आकडा मिळतो आणि त्यावरून हिरवा, पिवळा, लाल असे रंग भरतात.

आता यंत्र-शिक्षणाच्या पद्धती आल्या आहेत. त्या 'उतार अमुकपेक्षा जास्त आणि खडक शेल आणि रस्ता जवळ' अशा गुंतागुंतीच्या जोड्या आपणहून शोधतात. आयआयटी दिल्लीच्या संशोधकांनी २०२४ मध्ये अशा अनेक पद्धतींचा मेळ घालून सगळ्या देशाचा नकाशा प्रसिद्ध केला. काम चांगले आहे. तरी पद्धत कोणती, यावर संशोधन-निबंधांत जेवढी शाई खर्च होते, तेवढी वहीतल्या नोंदींवर होत नाही, आणि माझ्या मते नकाशाचे भलेबुरे तिथेच ठरते.

सेक्टर २२चे फुकटचे गुण

या सगळ्या हिशेबाला मॉडेल म्हणतात. ते किती चांगले, हे तपासायला जुन्या दरडींपैकी साधारण ३० टक्के झाकून ठेवतात. उरलेल्यांवरून मॉडेल शिकवतात आणि झाकलेल्या त्याला ओळखता येतात का ते पाहतात. निकाल एका आकड्यात मांडतात. दरड पडलेला एक चौकोन आणि न पडलेला एक चौकोन उचलायचा. दोहोंपैकी पडलेल्याला मॉडेलने जास्त गुण दिले तर ते बरोबर. शंभर जोड्यांत ५० बरोबर म्हणजे निव्वळ अंदाजपंचे, ९० बरोबर म्हणजे उत्तम, आणि मग निबंधात अभिमानाने ०.९० छापतात.

आता समजा, हिमाचलच्या पायथ्याचा नकाशा करताना कुणी सीमारेषा थोडी सैल आखली आणि चंदीगडही आत घेतले. सेक्टर २२ जवळजवळ सपाट आहे. तिथला चौकोन घसरायचा म्हटला तरी घसरणार कुठे? डोंगरातल्या चौकोनांपुरते मॉडेल शंभरात ७५ जोड्या ओळखते असे धरू. 'दरड न पडलेले' म्हणून निवडलेल्या चौकोनांपैकी निम्मे सपाटीवरचे निघाले, तर त्या जोड्यांत मॉडेल शंभरपैकी शंभर बरोबर येणार. सरासरी झाली ८७.५. गुण वाढले, पण मॉडेलला नवीन कळले ते एवढेच की सेक्टर २२ मध्ये दरड पडत नाही. चक्की मोडचे वळण आणि त्याच्या शेजारचे वळण यांतला फरक त्याला आधी जितका कळत होता, तितकाच आताही कळतो.

आणखी एक पळवाट आहे. एक मोठी दरड शेकडो चौकोन व्यापते. त्यांतले काही शिकवायला आणि काही परीक्षेला ठेवले, तर प्रश्नपत्रिका आधीच फुटलेली असते. म्हणून जाणकार मंडळी एक खोरे शिकवायला ठेवतात आणि दुसरे परीक्षेला. गुण घसरतात, पण नकाशा भरवशाचा होतो. कुठल्याही दरड-नकाशाची टक्केवारी वाचताना पहिला प्रश्न हाच विचारावा की 'न पडलेले' चौकोन आणले कुठून.

चौकट: तीन वेगळे नकाशे

*संवेदनशीलता नकाशा:* दरड कुठे पडू शकते, एवढेच सांगतो. केव्हा ते नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४ पासून १:५०,००० प्रमाणावर देशभर केलेला नकाशा या प्रकारचा आहे.

*धोका नकाशा:* कुठे, किती मोठी आणि साधारण किती काळात, हे सांगतो. त्यासाठी नोंदींत तारखा लागतात.

*जोखीम नकाशा:* तिथे माणसे, घरे, रस्ते किती, हेही मोजतो. निर्जन कडा अतिधोक्याचा असूनही जोखीम शून्य असू शकते. इस्रोच्या २०२३च्या दरड-नकाशासंग्रहात १४७ जिल्ह्यांची क्रमवारी आहे. तीत लोकवस्ती आणि रस्तेही जमेस धरले आहेत. पहिला क्रमांक उत्तराखंडच्या रुद्रप्रयागचा.

वहीत नसलेली वाडी

१९ जुलै २०२३च्या रात्री रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ताच राहिले. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत इर्शाळवाडी नव्हती, आणि तिथे पूर्वी अशी घटना घडलेली नव्हती, असे तेव्हा सांगण्यात आले. ती यादी प्रशासनाची होती, एखाद्या मॉडेलमधून निघालेली नव्हती. पण 'पूर्वी घडलेले नाही' हे कारण मॉडेलच्याही मर्मावर बोट ठेवणारे आहे.

मॉडेल शिकते ते नोंदलेल्या दरडींवरून. दरड नोंदवतो कोण? रस्ता अडला की बांधकाम खाते नोंदवते, माणसे गेली की महसूल खाते, रेल्वे थांबली की रेल्वे. रानात, देवराईच्या वर, माणूस नसलेल्या उतारावर पडलेली दरड दोन पावसाळ्यांत गवताखाली जाते आणि तिची ओळ वहीत येतच नाही. रत्नागिरीच्या दुकानात ज्यांनी तक्रार केली त्यांचेच आंबे वहीत चढले आणि मुंबईला गेलेल्या पेट्यांतला साका कुणी कळवलाच नाही, तर व्यापारी काय शिकेल? साका रत्नागिरीतच होतो, हेच. तसेच मॉडेलही 'रस्त्याजवळ धोका' हे नको तितके शिकते. इर्शाळवाडीला गाडीरस्ता नव्हता, पायवाटेने चढून जावे लागे.

यावर उपाय उपग्रहाचा. पावसाळ्याआधीचे आणि नंतरचे चित्र शेजारी ठेवले की हिरव्या उतारावरचे ताजे तांबडे ओरखडे दिसतात, मग तिथे रस्ता असो वा नसो. इस्रोच्या हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने १९९८ ते २०२२ या काळातल्या सुमारे ८०,००० दरडींची नोंद केली, ती मुख्यत्वे याच मार्गाने.

प्रमाणाचाही घोळ आहे. १:५०,०००च्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. शंभर मीटर लांबीची वाडी दोन मिलिमीटरांत मावते. अशा नकाशावरून तालुक्याचे नियोजन करता येते. अमक्याचे घर हलवायचे की नाही, हे ठरवायला मात्र माणसाने तिथे जाऊन भेगा आणि झरे बघावेच लागतात.

शिवाय वही कालची आणि डोंगर आजचा. उंचीची जी मोफत माहिती जगभर सर्रास वापरली जाते, ती अमेरिकेच्या अंतराळयानाने फेब्रुवारी २००० मध्ये अकरा दिवसांत गोळा केलेली आहे. परवाणू-सोलन रस्त्याचे चौपदरीकरण त्यानंतरचे. त्या माहितीतल्या डोंगराचा पाय अजून शाबूत आहे! पुणे जिल्ह्यातल्या मळीण गावच्या उतारावरही शेतीसाठी सपाटीकरण झाले होते. ३० जुलै २०१४ रोजी तिथे दरडीखाली १५१ माणसे गेली, तेव्हा त्या खोदाईवर बरीच चर्चा झाली. असे ताजे बदल मॉडेलला कुणीतरी सांगावे लागतात.

कुठे कळले, केव्हाचे काय?

संवेदनशीलतेचा नकाशा बारा महिने तोच असतो. जानेवारीतला लाल चौकोन जुलैतही लालच. वेळ ठरवतो तो पाऊस. १९८० मध्ये नेल केन या शास्त्रज्ञाने जगभरातल्या नोंदी जमवून दाखवले की पाऊस किती जोराचा आणि किती वेळ, या दोन आकड्यांवरून एक उंबरठा आखता येतो. थोडा वेळ पडणारा पाऊस फार जोराचा असेल तरच दरड सुटते. चार दिवस संततधार असेल तर कमी जोरही पुरतो. आधीच्या दिवसांत जमीन किती भिजली आहे, हेही पाहावे लागते. इर्शाळवाडीच्या परिसरात दरडीआधीच्या तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पाऊस झाला होता.

उंबरठा मात्र प्रत्येक प्रदेशाचा वेगळा. कोकणात जो पाऊस 'आज जरा बरा होता' म्हणून सोडून देतात, तोच शिमल्याच्या डोंगरात हाहाकार माजवतो. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे राष्ट्रीय दरड-पूर्वानुमान केंद्र जुलै २०२४ मध्ये कोलकात्याला सुरू झाले. ते काही जिल्ह्यांसाठी पावसाचा अंदाज आणि स्थानिक उंबरठे जोडून रोजचा इशारा काढते. चंदीगडातही दरडींवर काम चालते. सर्वेक्षणाचे कार्यालय सेक्टर ३३ मध्ये आहे, आणि हिमस्खलन व दरडींचा अभ्यास करणारी संरक्षण संशोधन संघटनेची संस्था सेक्टर ३७ मध्ये.

उंबरठा आखायचा तर दरडीची तारीख लागते, शक्यतो तासही. वहीत हाच रकाना सर्वांत रिकामा असतो. उपग्रहाला ओरखडा दिसतो, पण तो ५ जुलैचा की २५चा, ते कळत नाही. ऐकीव तारखांनी तर भलतेच निष्कर्ष निघतात. हिमाचलमध्ये मंडी जिल्ह्यातल्या कोटरोपीला १३ ऑगस्ट २०१७ रोजी डोंगर कोसळून दोन बसगाड्या गाडल्या गेल्या आणि ४६ जण गेले. तिथे १९७७ आणि १९९७ मध्येही घसरण झाल्याचे सांगतात. त्यावरून दर वीस वर्षांनी डोंगर सुटतो असे लोक बोलू लागले. तीन तारखांवरून डोंगराचे वेळापत्रक ठरत नाही. जागा पुन्हा सुटू शकते, एवढेच त्यातून कळते, आणि तेही काही कमी नाही.

भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने पूर्वानुमान केंद्राबरोबरच 'भूस्खलन' नावाचे मोबाइल अॅप काढले आहे. त्यात कुणालाही दरड नोंदवता येते. सहलीला जाणारे आपण दरडीपुढे गाडी थांबली की फोटो काढतोच, तो घरच्या ग्रुपवरही जातो. त्याच फोटोबरोबर जागा, तारीख आणि दरड सुटल्याची वेळ अॅपवर टाकायला दोन मिनिटे लागतात. वेळ ठाऊक नसेल तर रस्त्याकडेच्या चहावाल्याला विचारावी. त्याला बहुतेक वेळा ती माहीत असते.